गिटारचा पट्टा, असावलीची वेल आणि ओलं चामडं

प्रकरण एका गिटारच्या पट्ट्याचं आहे. पट्टा सहा सेंटिमीटर रुंद, जेमतेम तीन मिलिमीटर जाड, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरलेली असावलीची, म्हणजे पैठणीवर असते ती फुलांची वेल. करणारे गृहस्थ चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. आमच्याच सोसायटीत राहतात, मी त्यांना काका म्हणते. नात गिटार शिकते, तिच्या वाढदिवसाला आजोबांच्या हातचा पट्टा द्यायचा, एवढाच बेत होता. चामड्यावर नक्षी कोरण्याचा छंद त्यांना निवृत्तीनंतर लागला. मी हे काम बरीच वर्षं करते हे काकूंकडून त्यांना कळलं आणि बिघडलेला पट्टा घेऊन ते आमच्याकडे आले.

दोष चार होते. ठोकताना खोल वाटलेले ठसे रात्रीतून वर आले होते, त्यामुळे पाकळीची रेघ दिसत होती पण उठाव नव्हता. पोलादी पट्टी लावून काटेकोर कापलेल्या दोन्ही कडा नागमोडी झाल्या होत्या, काही ठिकाणी पट्टा दोन-तीन मिलिमीटर फुगला होता. वेलीच्या आजूबाजूला निळसर काळे ठिपके पडले होते. आणि वेल स्वतःच चपटी दिसत होती, कागदावरचं चित्र चामड्यावर गिरवल्यासारखी.

"ठसे बदलून बघू का?" काकांनी विचारलं. "महाग मिळतात, पण चांगले मागवतो. नाहीतर मग माझ्या हातातच ते नाही असं समजायचं."

हा छंद धरलेला जवळजवळ प्रत्येक माणूस या वळणावर हेच दोन निष्कर्ष काढतो: एकतर हत्यार वाईट, नाहीतर हात वाईट. पैसे हत्यारांवर जातात, उमेद हातावरून जाते, आणि वर्षभरात सगळं सामान माळ्यावर. काकांच्या पट्ट्याकडे नीट पाहिलं तर हात उत्तम होता. सुरीच्या रेघा एका खोलीच्या, वळणं न अडखळता घेतलेली. बिघाड चामड्यात, पाण्यात आणि टेबलावर होता. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते यासाठीच.

काम कसं चालतं

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झाडाच्या सालींनी, हिरड्यासारख्या फळांनी कमावलेलं चामडं ओलसर करायचं. त्यावर चित्र उतरवायचं. मग स्विव्हल नाइफने, म्हणजे दांडा बोटांत फिरवता येईल अशा सुरीने, चित्राच्या रेघा जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत कापायच्या. तर्जनी सुरीच्या डोक्यावरच्या खोबणीत बसते आणि दाब देते, अंगठा आणि बाकीची बोटं दांडा वळवतात. कापून झालं की ठसे, म्हणजे टोकाला नक्षी असलेल्या धातूच्या दांड्या, मोगरीने ठोकायचे. बेव्हलरने रेघेची एक बाजू खाली दाबायची म्हणजे दुसरी वर आलेली दिसते. पेअर शेडरने पाकळीच्या पोटात खोलवा द्यायचा. कॅमोफ्लाजने देठावर आडव्या चंद्रकोरी, व्हेनरने पानाच्या शिरा, सीडरने फुलाच्या मध्यात बिया, आणि शेवटी बॅकग्राउंडरने नक्षीमागची मोकळी जागा बारीक ठोकून दाबून टाकायची. ठशांच्या दांड्यावर बी, पी, सी, व्ही, एस, ए अशी अक्षरं आणि आकडे असतात. अनेक वर्षं काम करणारे लोक नुसत्या आकड्यांनी बोलतात.

इथे काहीही खरवडून काढलं जात नाही. लाकडात किंवा दगडात नको तो भाग उडवतात, चामड्यात तो दाबतात. जेवढं चामडं होतं तेवढंच राहतं, म्हणजे एका जागी दाबलं की ते दुसरीकडे सरकणारच. काकांच्या नागमोडी कडांचं मूळ यात आहे, त्याकडे पुढे येते.

ही पद्धत बहरली ती अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या खोगिरांवर, आणि तिथे ती मेक्सिकोकडून, मूळ स्पॅनिश कारागिरांच्या परंपरेतून आली. वायोमिंगमधल्या शेरिडन गावाच्या नावाने एक शैलीच ओळखली जाते. डॉन किंग (१९२३–२००७) या खोगीर बनवणाऱ्याने तिला आकार दिला: लहान फुलं, दाट मांडणी, आणि प्रत्येक फुलाभोवती गोल फिरणारे देठ. हौशी लोकांपर्यंत हे काम पोहोचलं ते मुख्यतः अल स्टोलमन (१९१९–१९९८) यांच्या पुस्तकांमुळे आणि नमुन्यांच्या कागदांमुळे. आपल्याकडे शांतिनिकेतनच्या पर्सवर दिसते ती नक्षी जवळची असली तरी वेगळी. तिथे पातळ चामड्यावर ठसवून रंग भरतात, सुरीने रेघ कापून तिची एक बाजू बसवत नाहीत.

चामड्याची चौकशी

सगळ्यात आधी मी ठशांकडे न बघता पट्ट्याच्या कापलेल्या कडेकडे पाहिलं. दुकानदाराने ते "नॅचरल, व्हेज-टॅन", म्हणजे सालीने कमावलेलं, म्हणून विकलं होतं. रंगही बिस्किटी होता. पण रंगावरून काही ठरत नाही.

ठसा का टिकत नाही याचं कारण बहुतेक वेळा कमावण्याच्या पद्धतीत असतं. सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना त्याचे तंतू एकमेकांवर सरकतात, दाबले जातात आणि वाळताना त्याच जागी धरून राहतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं लवचिक, स्पंजासारखं. पर्सला, जॅकेटला छान, पण ठसा मारला की थोड्या वेळात ते पूर्वपदावर येतं. सरळ क्रोम असेल तर कड निळसर-करडी दिसते आणि फसगत टळते. काकांच्या पट्ट्याची कड तशी नव्हती.

मग उरलेल्या तुकड्यावर दोन चाचण्या केल्या. एक बारीक पट्टी उकळत्या पाण्यात टाकली. निव्वळ सालीने कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यात आक्रसून वेडंवाकडं होतं. ही पट्टी फारशी हललीसुद्धा नाही, म्हणजे आत क्रोम होतं. दुसरी पट्टी चिमट्यात धरून जाळली, तर राखेत हिरवट छटा आली. तेही क्रोमच. पण मग निळसर काळे ठिपके? ते लोखंड आणि सालीतलं टॅनिन एकत्र आल्याशिवाय पडत नाहीत. म्हणजे टॅनिनही होतं. दोन्हींचा मेळ लागतो तो एकाच मालाशी: आधी सालीने कमावून नंतर क्रोम दिलेलं सेमी-क्रोम. माल वाईट नाही, अनेक उत्तम वस्तू त्याच्या होतात. फक्त कोरीव नक्षीला तो चालत नाही.

काका खूश झाले. टूलरूमच्या माणसाला बिघाडाचं कारण सापडलं की निम्मं काम झालं असं वाटतं. "म्हणजे मटेरियल रिजेक्ट," ते म्हणाले आणि त्या पट्ट्यावर खडूने फुली मारली.

नवीन चामडं कुठलं घ्यायचं यावर बरीच चर्चा झाली. अमेरिकेतले नक्षीकार सेंट लुईसच्या हर्मन ओक या १८८१ सालापासूनच्या टॅनरीचं नाव घेतात, आणि ते चामडं खरंच लोण्यासारखं कापलं जातं. पण मागवायचं तर जकात आणि भाडं मिळून पहिल्याच पट्ट्याला हात लावायची भीती बसते. शिकणाऱ्या माणसाने वाया घालवायला धजणार नाही असं चामडं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तमिळनाडूत त्रिची, दिंडिगूल, इरोड या भागात सालीने कमावलेलं ईस्ट इंडिया लेदर उत्तम असतं, पण ते बहुतेक पातळ. शेवटी कोलकात्याहून आलेलं, फक्त सालीने कमावलेलं म्हशीचं चामडं घेतलं. घेण्याआधी नखाने दाबून पाहिलं, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब बघता बघता आत गेला आणि ओल्या जागी मारलेली नखाची रेघ दुसऱ्या दिवशीही तशीच होती.

म्हशीच्या चामड्याचा दाणा गाईच्या चामड्यापेक्षा मोठा. शेरिडनसारखी बारीक फुलं त्यावर विस्कटतात. म्हणून वेल मोठी काढायची ठरली, आणि इथे या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग सुरू होतो.

विणलेली वेल कोरायची कशी

असावली ही पैठणीच्या काठा-पदरावरची फुलांची वेल. नातीच्या आईच्या लग्नातल्या पैठणीवर ती होती, म्हणून काकांनी ती निवडली. साडीचा फोटो काढून, त्यावर कागद ठेवून त्यांनी रेघ न् रेघ उचलली होती. पट्ट्यावरची वेल चपटी दिसत होती त्याचं कारण तिथेच होतं.

विणकाम धाग्यांच्या उभ्या-आडव्या चौकटीत बसतं. त्यातलं वळण जवळून पाहिलं तर पायऱ्यापायऱ्यांचं असतं, आणि फूल, पान, देठ सगळे एकाच पातळीवर, शेजारी शेजारी. रंग बदलतो म्हणून एक दुसऱ्यापासून सुटा दिसतो. चामड्यात रंग नाही, तिथे वेगळेपणा येतो तो केवळ उंची-खोलीतून. म्हणजे प्रत्येक रेघेला एक प्रश्न विचारावा लागतो: या रेघेच्या कुठल्या बाजूची वस्तू वर आहे? देठ फुलाच्या खालून जातो की वरून? ही पाकळी तिच्या शेजारणीवर चढलेली आहे की तिच्याखाली दबलेली? साडीने हा प्रश्न कधी विचारलेलाच नाही, त्यामुळे साडीत त्याचं उत्तर नाही. काकांनी बेव्हलर कुठे एका बाजूला, कुठे दोन्ही बाजूंना फिरवला होता. दोन्ही बाजू दाबल्या की मधली रेघ नुसती कुंपणासारखी उभी राहते.

आम्ही ट्रेसिंग पेपरवर वेल पुन्हा काढली. पायऱ्या काढून वळणं घेतली. शेरिडनवाल्यांचा एक नियम उसना घेतला, की लहान देठ मोठ्या देठातून फुटतो तो रेल्वेचा रूळ फुटतो तसा, स्पर्शरेषेने, काटकोनात कधीच नाही. मग काकांनी त्यांच्या सवयीने पेन्सिलने प्रत्येक छेदावर खूण केली: वर असलेल्याला टिंब, खालच्या बाजूला तिरप्या बारीक रेघा. ड्रॉइंग वाचून आयुष्यभर काम केलेल्या माणसाचा तो कागद इतका स्वच्छ होता की तो मी मागून घेतला आणि आता दुसऱ्यांना शिकवताना वापरते. असावलीचं फूल तसं साधं, थोड्या पाकळ्यांचं. ते सहा सेंटिमीटरच्या रुंदीत मोकळं बसलं आणि वेल एका बाजूने दुसऱ्या बाजूला झोके घेत गेली. पैठणीचा काठ ओळखू येत होता, पण नक्कल राहिली नव्हती.

पाणी

नवीन चामड्यावर पहिला नमुना कोरला आणि तोही फिका आला. काकांचा चेहरा उतरला. पण हा दोष वेगळा होता. चामडं वरून चिंब ओलं आणि मधून कोरडं होतं.

या छंदात सर्वात जास्त चीड येते ती पाण्यापायी, आणि ते शिकवणं फार अवघड, कारण मापात सांगता येत नाही. काकांनी विचारलंही, "ओलावा किती टक्के ठेवायचा?" टक्क्यांचं उत्तर मला देता आलं नाही. त्याऐवजी पुढच्या नमुन्यावर दोघांनी मिळून खुणा बघितल्या. चामडं स्पंजाने दोन्ही बाजूंनी सारखं ओलं करायचं, तेही या कडेपासून त्या कडेपर्यंत, कारण अर्धवट ओल्या जागेची हद्द वाळल्यावर डाग म्हणून राहते. मग ते प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवायचं म्हणजे पाणी आतपर्यंत सारखं पसरतं. सकाळी बाहेर काढून तसंच ठेवायचं आणि बघत राहायचं. गडद झालेला रंग हळूहळू मूळ रंगाकडे येतो. तो जवळजवळ मूळ रंगावर आला, तरी गालाला लावल्यावर चामडं गार लागतंय, ही कापायची वेळ.

वेळ बरोबर असेल तर सुरीमागे रेघ आपोआप उघडते. चामडं फार कोरडं असेल तर सुरी करकरते आणि अडते, फार ओलं असेल तर पात्यापुढे चामड्याची गुठळी ढकलली जाते. आणि ठसा मारल्यावर सगळ्यात पक्की खूण दिसते: बरोबर ओलाव्यात दाबलेली जागा गडद तपकिरी होते. रंग नाही, पॉलिश नाही, नुसत्या दाबाने. चिंब चामड्यात ठसा सहज खोल जातो पण तो तपकिरी होत नाही, आणि वाळताना वर येतो.

काकांनी बेव्हलर पाकळीच्या कडेला लावला, तिरकी बाजू बाहेर, मोगरीचे हलके, एकसारखे ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला ठसा अर्ध्या रुंदीने पुढे. तीन-चार ठोक्यांतच रेघेबाहेरचं चामडं तपकिरी होत खाली गेलं आणि पाकळी वर आली. काकांनी मोगरी खाली ठेवली आणि त्या कडेवरून बोट फिरवलं. "ही खरंच वर आली आहे," ते म्हणाले. मग उरलेली पाकळी त्यांनी एका दमात केली, आणि कुठे ठोक्यांच्या पायऱ्या पडल्या नव्हत्या. माझ्या मते या छंदाचा सगळा आनंद याच जागी आहे. एकाच सपाट तुकड्यातून पुढचं आणि मागचं वेगळं होतं, आणि ते आपल्याच हाताच्या लयीने होतं. पूर्ण झालेली वस्तू बघताना जे समाधान वाटतं, ते नंतरचं आणि त्यापेक्षा कमी.

पुण्यात ऋतूंचा हिशेबही ठेवावा लागतो. मे महिन्यात चामडं हाताखालीच सुकतं, मीटरभराहून लांब पट्ट्याचं एक टोक कापेपर्यंत दुसरं कोरडं. म्हणून काम चालू असेल तेवढाच भाग उघडा आणि बाकीचा प्लास्टिकखाली. जुलैत उलटी गत. ओलं चामडं पिशवीत राहिलं की दोन दिवसांत बुरशी. फ्रिजमध्ये ठेवलं तर बुरशी लांबते, पण काकूंनी त्याला साफ नकार दिला. "भाज्यांच्या फ्रिजमध्ये कातडं? अजिबात नाही हं. हवं तर वेगळा फ्रिज घ्या." काकूंचं म्हणणं रास्तच आहे. आपल्या घरांत या छंदाला जागा मिळवायची तर स्वयंपाकघर सोडूनच मिळवावी. आवाजाचंही तसंच. खालच्या मजल्यावर लहान बाळ होतं, म्हणून ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा जाड तुकडा मार्बलच्या दुकानातून आणला, त्याखाली रबराची चटई घातली, आणि दुपारी एक ते चार ठोकाठोक बंद.

काळे ठिपके आणि नागमोडी कडा

नव्या चामड्यावरही ठिपके आले, उलट जास्त गडद. आता शोध टेबलाचा. काकांचं टेबल म्हणजे घरचं वर्कशॉप. एका टोकाला व्हाइस, शेजारी ग्राइंडर, आणि त्याच टेबलावर दुसऱ्या टोकाला चामडं. पुसलेल्या टेबलावर चुंबक फिरवला तर त्याला राखाडी दाढी आली. ग्राइंडरचा लोखंडी कीस होता तो, डोळ्यांना न दिसणारा. ओल्या चामड्यावर असा एक कण पडला की भोवतालच्या टॅनिनशी त्याचा काळा संयोग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, उकळून लिहिण्याची काळी शाई करत, तीच ही रासायनिक क्रिया.

ताजे ठिपके लिंबाच्या रसाने उतरले. जुन्यांना ऑक्झॅलिक अॅसिडचं अगदी सौम्य द्रावण लागलं, तेही हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे, आणि नंतर जागा स्वच्छ पाण्याने पुसून. खरा इलाज टेबल वेगळं करण्याचा. चामड्याचं काम बाल्कनीत गेलं, मोगरी लाकडी, आणि क्रोमचा मुलामा उडालेला एक ठसा बाजूला.

कडांचं उत्तर काकांना पटायला वेळ लागला, कारण ते त्यांच्या सगळ्या शिक्षणाच्या विरुद्ध होतं. आधी मापात कापायचं, मग त्यावर काम करायचं, ही त्यांची रीत. पोलादात ती बरोबर. चामड्यात ठोके पडतील तसं ते पसरतं. म्हणून पट्टा दोन्हीकडून दोन सेंटिमीटर जास्त रुंद ठेवला, मागच्या खरखरीत बाजूला पॅकिंगची रुंद चिकटपट्टी घट्ट चिकटवली म्हणजे लांबी ताणली जात नाही, आणि सगळी नक्षी पूर्ण होऊन पट्टा वाळल्यावरच शेवटच्या मापाला कापला. काकांनी ठोकण्याआधी आणि नंतर व्हर्नियरने मापं घेऊन वहीत लिहिली. चिकटपट्टी लावलेल्या आणि न लावलेल्या नमुन्यांतला फरक पाहिल्यावर त्यांनी पुन्हा वाद घातला नाही.

रापी

पट्ट्याची दोन टोकं दुमडून शिवायची होती. दुमडायची तर तिथे चामडं निम्म्याने पातळ करावं लागतं. काकांनी स्वतः करून पाहिलं, पण एका टोकाला भोक पडलं. तेव्हा आम्ही पेठेत चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यांनी पट्टा हातात घेतला, आधी उलटी बाजू बघितली, मग नक्षीवर अंगठ्याचं नख दाबलं आणि म्हणाले, "साल चांगली लागली आहे." दगडावर टोक ठेवून रापी, म्हणजे चामडं सोलायची रुंद पात्याची सुरी, अंगाकडून बाहेर, अगदी आडवी, तीन-चार वेळा चालवली. चामड्याचे तुकडे न पडता लांब, अखंड सालपटं निघाली. कड कागदासारखी झाली. आरीने भोकं पाडून त्यांनी दुहेरी टाका घातला आणि पुढची दोन भोकं काकांकडून पाडून घेतली.

परत येताना काका गप्प होते. त्यांच्या एका नातेवाइकाने या छंदावरून, "आता हे काम तुम्ही करणार?" असं म्हटलं होतं, ते त्यांना लागलं होतं आणि आता त्याचा अर्थ नीट कळला होता. आपल्याकडे कातडं कमावणं, शिवणं हे ज्यांच्या वाट्याला जातीने आलं, त्यांना त्याच कामासाठी हलकं लेखलं गेलं. आपण ते हौसेने करतो आणि आपलं कौतुक होतं. मला वाटतं, हा छंद करणाऱ्या प्रत्येकाने हे उघड बोललं पाहिजे. आणि कारागिराकडून शिकावं तर शिकण्याचा मोबदला द्यावा, घासाघीस न करता. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्या चपलेच्या पट्ट्यावरचं पंचाचं काम आणि वेणी ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या केली, त्यांच्याकडे चामड्याचं जे ज्ञान आहे ते मागवलेल्या ठशांच्या संचासोबत येत नाही. काका आता त्या कारागिरांकडे अधूनमधून जातात. त्यांना रापी पाजायला टूलरूममधला चांगला दगड दिला आहे, आणि ते काकांना टाका शिकवतात.

शेवटचा पट्टा

रंगावरून आमचं एकमत झालं नाही. काकांना पैठणीचे जांभळे-हिरवे रंग हवे होते, मला नक्षी आपल्या तपकिरी रंगात राहावी असं वाटत होतं. त्यांच्या पट्ट्यावर त्यांचाच शब्द चालला, पण मधला मार्ग निघाला. फुलांत पातळ जांभळा, बाकी सगळं नैसर्गिक. तेलाचा हलका हात दिला, तो मुरू दिला, मग नक्षीवर सीलर, म्हणजे रंग आत मुरू न देणारा थर, आणि त्यावर अँटीक पेस्ट ही गडद पेस्ट चोळून लगेच पुसून घेतली. पेस्ट सुरीच्या रेघांत आणि बॅकग्राउंडच्या बारीक दाण्यांत राहते, उंच भागावरून निघून जाते. सीलर लावायचा राहून गेला असता तर सगळा पट्टा एकसारखा काळपट झाला असता. मागची बाजू मात्र रंगवायची नाही यावर मी अडून बसले, कारण घामाने रंग सुटला की तो थेट कपड्यावर येतो.

वाढदिवसाला पट्टा तयार होता. खांद्याजवळची वेल झकास उतरली आहे. बक्कलाकडच्या टोकाला ती जरा गर्दीत सापडली, कारण तिथे शेवटचं फूल बसवायला जागा कमी उरली, आणि बॅकग्राउंडचे ठोकेही तिथे एकमेकांवर चढलेले दिसतात. नातीने पट्टा लावून पहिल्यांदा वाजवलं तेव्हा काका त्या टोकाकडेच बघत होते. तिने विचारलं, "आजोबा, ही फुलं चिकटवली आहेत का?" आणि पाकळीच्या कडेखाली नख घालून बघितलं.

आता त्यांनी दुसरा पट्टा घेतला आहे, धाकट्या नातवाच्या ढोलकीसाठी. या वेळी वेल मधल्या फुलापासून दोन्हीकडे काढत नेली आहे म्हणजे टोकाला जागेची अडचण होणार नाही. ओलाव्याच्या खुणांची नोंद असलेले चामड्याचे तुकडे तारखेसकट एका दोरीत ओवून बाल्कनीत टांगले आहेत. ठसे अजून तेच जुने आहेत.